मिररमध्ये काच नाही आणि पाराही नाही

मा. संपादक,
सादर नमस्कार.

विषय : ‘मिरर’ या इंग्रजी शब्दाच्या अर्थाची दुरुस्ती

आपल्या रविवार पुरवणीतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दांच्या सदरात ‘मिरर’चा अर्थ ‘एका बाजूला पारा लावलेली काच’ असा दिला होता. हा शब्द ‘काच’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, असंही त्यात म्हटलं होतं. दोन्ही विधानं चुकीची आहेत. पहिली चूक भाषेपुरती राहत नाही. आपल्या कोकण किनारपट्टीवर ती घराघरांतल्या आरशांना भोवते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहोत. आमच्यापैकी काही भाषा शिकवतात आणि काही काच-आरशांचं काम करतात.

आधी शब्द. लॅटिनमध्ये काचेला ‘व्हिट्रम’ म्हणतात. ‘मिरर’चा त्याच्याशी काही संबंध नाही. ‘मिरर’चं मूळ आहे ‘मिरारी’ हे लॅटिन क्रियापद, अर्थ ‘आश्चर्याने पाहणे, नवल करणे’. बोलीतल्या लॅटिनमध्ये नवल मागे पडलं आणि ‘निरखून पाहणे’ एवढाच अर्थ उरला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याला साधन दाखवणारा प्रत्यय लागून ‘मिरेओर’ झालं, म्हणजे पाहण्याचं साधन. आजच्या फ्रेंचमध्ये तोच शब्द ‘मिर्वार’ असा उच्चारतात. इंग्लंडवर फ्रेंचभाषक सरदारांचं राज्य असताना, साधारण तेराव्या शतकात, तो इंग्रजीत ‘मिरूर’ म्हणून आला आणि पुढे ‘मिरर’ झाला.

मराठी मुलांना हे समजावणं सोपं आहे. चाळण्यावरून चाळण, गाळण्यावरून गाळणी, लाटण्यावरून लाटणं. चाळण लोखंडाची की प्लास्टिकची, लाटणं सागाचं की पितळेचं, हे शब्द सांगत नाही. वस्तूने काय करायचं एवढंच तो सांगतो. ‘मिरर’ची घडण तशीच आहे. ज्यात पाहायचं तो मिरर. तो कशाचा बनवावा याबद्दल शब्दात एक अक्षरही नाही.

‘मिरारी’च्या घरातले आणखी काही शब्द आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असतात. चमत्कार या अर्थाचा ‘मिरॅकल’, कौतुक करणे या अर्थाचा ‘अॅडमायर’ आणि मृगजळाला इंग्रजीत म्हणतात तो ‘मिराज’. ‘मिरारी’ ज्या ‘मिरुस’ या विशेषणापासून आलं त्याचा धागा भाषाशास्त्रज्ञ हसणे या अर्थाच्या एका आदिधातूपर्यंत नेतात. त्याच धातूचं संस्कृतातलं रूप ‘स्मि’, त्यापासून स्मित आणि विस्मय. म्हणजे ‘मिरर’चं मराठीतलं नातेवाईक शोधायचं तर ते काचेच्या दुकानात सापडणार नाही, ते ‘विस्मय’ या शब्दात सापडेल. मात्र यावरून ‘मिरर संस्कृतमधून आला’ असं कुणी लिहू नये. एका पणजीची दोन पतवंडं असावीत तसं हे नातं आहे. एकाने दुसऱ्याकडून काही उसनं घेतलेलं नाही.

रोमन लोक स्वतः आरशाला ‘मिरर’सारखं काही म्हणतच नव्हते. त्यांचा शब्द ‘स्पेक्युलम’, तोही पाहण्यावरूनच, ‘स्पेकेरे’ या क्रियापदापासून. इटालियन ‘स्पेक्कियो’, स्पॅनिश ‘एस्पेखो’, जर्मन ‘श्पिगेल’ हे सगळे त्या ‘स्पेक्युलम’चे वंशज आहेत. चौलला आणि वसईला ज्यांची सत्ता होती त्या पोर्तुगीजांचा ‘एस्पेल्यु’ही त्यांतलाच. ‘स्पेकेरे’चं संस्कृतातलं भावंड म्हणजे ‘पश्यति’तला ‘पश्य’.

आता आपला आरसा घ्या. संस्कृत ‘आदर्श’ म्हणजे आ + दृश्, ज्यात नीट पाहायचं ते. प्राकृतात ‘द’ झिजून ‘आयरिस’सारखी रूपं झाली. मराठीत आरसा आला, मालवणीत आणि कोंकणीत आरसो. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात इंद्र आणि विरोचन प्रजापतीला विचारतात, की पाण्यात दिसतो तो आणि ‘आदर्शे’ दिसतो तो, यांतला आत्मा कोणता? तिथला आदर्श म्हणजे घासून चकचकीत केलेला धातू. पारा लावलेल्या काचेचा तेव्हा पत्ताच नव्हता. हडप्पा संस्कृतीच्या उत्खननांत सापडलेले आरसेही तांब्याचे आणि काशाचेच आहेत. संस्कृतात ‘दृश्’ आणि ‘पश्य’ ही एकाच ‘पाहणे’ क्रियेची दोन अंगं. एकातून आपला आरसा आला आणि दुसऱ्याच्या युरोपातल्या भावंडातून रोमनांचा स्पेक्युलम. शिकवण्यासारखी गोष्ट आहे ती ही. ती सोडून मुलांना काच आणि पारा पाठ करायला लावणं आम्हाला फार खटकलं.

‘आदर्श’चा दुसरा अर्थ आपण रोज वापरतो : अनुकरण करावं असं उदाहरण. इंग्रजीतही जुन्या काळी ‘मिरर’ नेमका याच अर्थाने येई. सद्गुणी माणसाला ‘सौजन्याचा मिरर’ म्हणत. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली, कारण दोन्हीकडे शब्दाचा गाभा पाहणं हाच होता. दर्पणाची वाट जरा वेगळी आहे. तो ‘दृप्’पासून येतो, त्यातूनच दर्प म्हणजे गर्व. स्वतःचं रूप दाखवून गर्व चढवतो तो दर्पण. फारसीतून आलेल्या ऐन्यावर इथे थांबत नाही.

दर्पण म्हटलं की आपल्याच किनाऱ्यावरचं नाव येतं. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत पहिलं मराठी वृत्तपत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘दर्पण’. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. दरवर्षी पत्रकार दिनाला आपण ते नाव घेतो, तेव्हा काच-पाऱ्याची व्याख्या कुणाच्याच मनात नसते. लोकांनी ज्यात स्वतःला पाहावं ते, हा अर्थ सगळ्यांना आपसूक कळतो. तोच अर्थ आपल्या सदरातही छापायला हवा.

आता पारा. ‘मिरर’ इंग्रजीत आला तेव्हा युरोपातले आरसे एकतर घासलेल्या धातूचे असत किंवा फुगीर काचेच्या छोट्या तुकड्यामागे शिसं ओतलेले. सपाट काच आणि कथील-पाऱ्याचा थर ही जोडी व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या कारागिरांनी सोळाव्या शतकात नावारूपाला आणली. शब्द पाऱ्यापेक्षा दोन-तीन शतकांनी मोठा आहे. पाऱ्याचं काम असं चाले. संगमरवरी मेजावर कथलाचा पातळ पत्रा अंथरायचा, त्यावर पारा ओतायचा, काच एका कडेने सरकवत आणायची म्हणजे हवा अडकत नाही. मग वजनं ठेवून दाबायचं आणि पुढे कित्येक दिवस हळूहळू तिरपं करत जादा पारा निथळू द्यायचा. पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यातल्या दालनाचे ३५७ आरसे असेच बनले, १६८४ मध्ये ते दालन पुरं झालं. पाऱ्याच्या वाफेने कामगारांचे हात थरथरू लागत, दात पडत.

१८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी काचेवर चांदी बसवण्याची रीत दाखवली. विसावं शतक उजाडेपर्यंत पारा या धंद्यातून जवळजवळ गेला. बारावीच्या प्रयोगशाळेत टॉलेन्स अभिकर्मकात, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या अमोनियातल्या द्रावणात, ग्लुकोज घालून नळी कोमट पाण्यात धरली की काचेला आतून चकाकी येते, ती हीच चांदी. इथे एक सूचना शिक्षकांसाठी : उरलेलं अभिकर्मक बाटलीत भरून ठेवू नये. साठवलं की त्यात स्फोटक चांदीसंयुग तयार होतं. त्याच दिवशी सौम्य नायट्रिक आम्ल घालून ते निकामी करावं.

कारखान्यात काच आधी सीरियम ऑक्साइड या पॉलिशच्या भुकटीने घासून क्षारमुक्त पाण्याने धुतात. मग कथलाच्या क्षाराचा, म्हणजे स्टॅनस क्लोराइडचा, हलका फवारा देतात. त्याशिवाय चांदी काचेला धरत नाही. भांड्याला करतात ती कल्हई कथलाचीच. पारा गेला तरी हे जुनं कथील आरशाच्या पाठीमागे टिकून आहे. त्यावर अमोनियात विरघळलेलं सिल्व्हर नायट्रेट आणि त्याचं क्षपण करणारं, म्हणजे त्यातली चांदी मोकळी करणारं, द्रावण एकाच वेळी फवारतात. मिनिटाभरात चांदी बसते, चौरस मीटरला पाऊण ते एक ग्रॅम. जाडी माणसाच्या केसाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. चांदीवर तांब्याचा पातळ थर, त्यावर रंगाचे दोन हात, मग भट्टीत भाजणं. तांबं नसलेलेही आरसे आता मिळतात.

त्यामुळे दुकानात ‘पारा पक्का आहे ना?’ हा प्रश्न निरर्थक आहे. विचारायचं ते असं : मागे चांदी आहे की अॅल्युमिनियम? रंगाचे हात किती? कड घासल्यावर सील केली का? अॅल्युमिनियमचा आरसा स्वस्त पडतो. तो प्रकाश थोडा कमी परत पाठवतो, म्हणून शेजारी ठेवला तर काळपट दिसतो. अॅल्युमिनियम आम्लात विरघळतं तसं चुन्या-सिमेंटच्या क्षारातही विरघळतं, म्हणून नव्या बांधकामात तो लवकर जातो.

‘पारा उडाला’ हा शब्दप्रयोग भाषेत खुशाल राहू दे, पण उडत काहीच नाही. जे होतं ते गंज आहे आणि तो कडेकडून आत जातो. कापलेल्या कडेवर रंगाचं संरक्षण नसतं. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ तिथे बसतं, मीठ हवेतली ओल ओढतं, आधी तांबं सडतं, वरचा रंग फुगून सुटतो आणि मग चांदी उघडी पडते. चांदीला गंधक लागलं की ती काळी होते. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा किंवा तुंबलेल्या गटाराचा कुजका वास येतो, त्यात ते गंधक असतं. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पावसाळ्याचे चार महिने भिंत वाळत नाही. देशावर वर्षानुवर्षं नितळ राहणारा आरसा इथे लवकर काळी कड धरतो. माल खराब होता असंच दर वेळी समजू नये, बसवण्याची रीत आधी तपासावी.

जांभ्या चिऱ्याच्या भिंतीवर, त्यातही पावसाची झड लागते त्या पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीवर, आरसा थेट चिकटवू नये. चिरा पाणी पितो आणि ते महिनोन्‌महिने सोडत राहतो. आतली भिंत निवडावी. ते शक्य नसेल तर मागे हवा खेळेल इतकी फट ठेवावी : एक मीटरपर्यंत उंचीच्या आरशाला ५ मिलिमीटर, त्याहून उंच असेल तर १०. चिरा भुसभुशीत असतो, आखूड प्लग त्यात धरत नाही. प्लग लांब घ्यावा आणि चिऱ्यांमधल्या सांध्यात भोक पाडू नये. वजनाचा हिशोब सोपा आहे. काचेचं वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो. ४ मिलिमीटरचा एक चौरस मीटर आरसा म्हणजे १० किलो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत. लोखंडी स्क्रूचा गंज भोकातून चांदीत शिरतो. खाली रबराचे तुकडे देतात तेही टाळावे, रबरात गंधक असतं. प्लास्टिकचे चालतात. मागे एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा, लावू नये, ओल लागली की ते फुगतं.

पुष्कळ आरसे चिकटवण्याच्या चुकीच्या सिलिकॉनने मरतात. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन वाळताना अॅसेटिक आम्ल सोडतं, आणि पाठीवरचा रंग, तांबं, चांदी तिन्ही खातं. नळीवर ‘न्यूट्रल’ असं लिहिलेलंच घ्यावं. तेही पाठीवर सगळीकडे फासू नये आणि ठिपक्यांत किंवा गोलात लावू नये. गोलाच्या आत दमट हवा कोंडते. वीतभर अंतरावर उभ्या पट्ट्या ओढाव्यात, म्हणजे ओल खाली निथळते. वजन मात्र खालच्या क्लिपांनी पेलायला हवं.

नव्या न्हाणीघरात टाइल्स अॅसिडने धुतात आणि आरसा आधीच लावलेला असतो. त्या वाफेने काही आठवड्यांत कड काळी पडते. फरशीचं, गिलाव्याचं, अॅसिडचं काम पूर्ण होऊ द्यावं, सिमेंटला महिनाभर वाळू द्यावं आणि आरसा सर्वांत शेवटी लावावा. पुसताना फवारा आरशावर मारू नये. तो ओघळून खालच्या कडेला जाऊन बसतो. फवारा फडक्यावर मारावा, आरसा पुसून झाल्यावर खालची कड कोरड्या फडक्याने टिपावी. साध्या पाण्याने काम होतं.

कड काळी पडल्यावर मागून काळा रंग मारून काही साधत नाही. गेलेली चांदी रंगाने परत येत नाही. काळी पट्टी इंच-दीड इंचाची असेल तर तेवढी कापून काढावी, कड घासून पूर्ण कोरडी करावी आणि त्याच दिवशी सीलर, म्हणजे कड बंद करणारा लेप, लावावा.

चकाकी काचेच्या मागे आहे की पुढे, हे घरच्या घरी कळतं. पेन्सिलीचं टोक आरशाला टेकवा. टोक आणि त्याची प्रतिमा यांत फट दिसली तर परावर्तन काचेच्या मागच्या बाजूने होतंय. ४ मिलिमीटरच्या काचेत ती फट सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास दिसते. टोकाला टोक भिडलं तर चकाकी पुढच्याच पृष्ठभागावर आहे. केरळच्या आरन्मुळा गावचा तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा आरसा असा आहे, आणि त्यात काच मुळीच नाही. घाटाच्या वळणावर बसवलेले बहिर्गोल आरसेही बहुधा अॅक्रिलिकचे, पॉलिकार्बोनेटचे किंवा स्टीलचे असतात. सदरातली व्याख्या खरी धरली तर या सगळ्यांना मिरर म्हणताच येणार नाही.

खरोखर पाऱ्याचे आरसे अजून आहेत, जुन्या घरांतल्या सागवानी चौकटींत आणि आरशाच्या कपाटांत. त्यांच्या पाठीला रंग नसतो, राखाडी धातू उघडा दिसतो. प्रतिमा जरा निळसर-करडी आणि कणीदार येते. खालच्या कडेला कधी बारीक चकचकीत थेंब जमतात. अशी पाठ खरवडू नये, आरसा उलटा करू नये, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. थेंब सांडले तर खिडक्या उघडाव्यात, हातातलं सोनं आधी काढून ठेवावं, कारण पारा सोन्याला धरतो. थेंब झाडूने किंवा व्हॅक्युमने ओढू नयेत, जाड कागदाच्या कडेने गोळा करून घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरावेत. लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. आजच्या सगळ्याच आरशांना पारा असतो असं वाचलेलं मूल या एका आरशाजवळ वेगळी काळजी घेणार नाही. त्या व्याख्येला आमचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

दुरुस्ती छापताना पुढील मजकूर वापरावा, ही विनंती :

‘मिरर (नाम) : आरसा. प्रतिमा दिसेल असा गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग. तो धातूचा, काचेचा किंवा प्लास्टिकचा असू शकतो. आजच्या काचेच्या आरशामागे बहुधा चांदीचा किंवा अॅल्युमिनियमचा थर असतो. जुना अर्थ : आदर्श, अनुकरणीय उदाहरण. क्रियापद म्हणून : प्रतिबिंबित करणे. व्युत्पत्ती : लॅटिन मिरारी, नवलाने पाहणे, जुन्या फ्रेंचमार्गे. तुलना करा : आरसा, संस्कृत आदर्श, दृश् म्हणजे पाहणे.’

आपले,
भाषा शिकवणारे आणि काच-आरशांचं काम करणारे काही वाचक,
रत्नागिरी